चौकोनी खाचेचा स्क्रू

जुन्या फोर्डच्या दाराचा लाकडी सांगाडा मोकळा करताना कधी कधी असा स्क्रू समोर येतो की मिस्त्रीच्या पेटीतला एकही स्क्रूड्रायव्हर त्याला बसत नाही. डोक्यावर सरळ चीर नाही, फुलीही नाही. मधोमध एक चौकोनी खड्डा, त्यात नव्वद वर्षांचा गंज. हा स्क्रू कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास काढला. मिल्टन गावी त्यांचा कारखाना होता आणि कॅनडातली फोर्ड कंपनी त्यांचं मोठं गिऱ्हाईक. हक्क कुणाच्या ताब्यात राहायचे यावरून रॉबर्टसन आणि हेन्री फोर्ड यांचं जमलं नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या फोर्डमध्ये हा स्क्रू रुळला नाही. म्हणून तो सापडला की काम थांबवावं, हात पुसावेत आणि गाडीचा नंबर नीट वाचावा. घरात तीन पिढ्या ‘अमेरिकन’ म्हणून मिरवलेली गाडी बहुधा कॅनडात जन्मलेली असते.

फोर्ड मोटर कंपनी ऑफ कॅनडा १९०४ साली वॉकरव्हिलमध्ये गॉर्डन मॅकग्रेगर यांच्या गाडे बनवण्याच्या कारखान्यात सुरू झाली. नदीच्या पलीकडे डेट्रॉइट. एवढ्या जवळ दुसरी कंपनी काढण्याचं कारण जकात. बाहेरून येणाऱ्या मोटारीवर कॅनडात ३५ टक्के कर होता, आणि ब्रिटिश साम्राज्यात बनलेल्या मालाला साम्राज्याच्या अनेक बाजारांत सवलत मिळे. ब्रिटन आणि आयर्लंड सोडून उरलेल्या साम्राज्यात फोर्ड विकण्याचा हक्क या कंपनीकडे आला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि मलाया इथे तिने उपकंपन्या काढल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेली फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया हीसुद्धा डेट्रॉइटची नव्हे, कॅनडाची लेक.

जनरल मोटर्सची कथा थोडी वेगळी. ओशावा गावच्या मॅकलॉघलिन कुटुंबाचा घोडागाड्यांचा मोठा धंदा होता. १९०७ मध्ये त्यांनी ब्यूकची इंजिनं घेऊन मोटारी बांधायला घेतल्या आणि १९१८ मध्ये तो व्यवसाय जनरल मोटर्स ऑफ कॅनडा झाला. आठव्या एडवर्डची १९३६ ची प्रसिद्ध मॅकलॉघलिन-ब्यूक ओशावाचीच. मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. तिथे फोडलेल्या सगळ्याच पेट्या कॅनडाच्या नव्हत्या, अमेरिकेतूनही उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या सुट्या भागांत येत. तेव्हा जनरल मोटर्सच्या शेवरोलेच्या बाबतीत कंपनीची पाटी पाहिल्याशिवाय जन्मगाव ठरवू नये. फोर्डच्या मॉडेल एवर मात्र इंजिन नंबरच्या सुरुवातीला ‘सीए’ अक्षरं दिसली की शंका उरत नाही.

या गाड्यांची ओढ निव्वळ दुर्मिळपणामुळे लागत नाही. त्या आपल्या रस्त्यांसाठी, उजव्या स्टिअरिंगसह बनल्या होत्या, ही त्यांची खरी मजा. याचा परिणाम पार्टपर्यंत जातो. अमेरिकेहून मागवलेला पिस्टन किंवा कार्ब्युरेटर बसतो, पण स्टिअरिंग बॉक्स, डॅशबोर्ड आणि पेडलची जुळणी डाव्या हाताची निघते. बरोबर पार्ट सापडतो तो ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेत, कारण तिकडेही त्याच कारखान्यांचा माल गेला होता. ठाण्यातल्या गाडीचा डॅशबोर्ड मेलबर्नच्या एखाद्या शेडमधून येतो, यात नवल काही नाही.

जे बाहेरून येत नाही ते इथेच घडवावं लागतं. त्या बाबतीत ठाण्यासारखा पट्टा शोधून सापडायचा नाही. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. पाठोपाठ डोंबिवलीची आली. लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग अशी कामं करणारी लहान युनिट या पट्ट्यात वाढली, आणि जुन्या इंजिनाला हवे असतात ते हेच हात.

व्हाइट मेटलचं बेअरिंग भरण्याचं काम घ्या. मॉडेल एच्या इंजिनात आणि शेवरोलेच्या २१६ घनइंची सहा सिलिंडरमध्ये कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे तयार शेल नसतात. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मिश्रधातू थेट रॉडमध्ये ओततात. आधी जुना थर वितळवून काढायचा, लोखंड चकचकीत होईपर्यंत साफ करायचं, फ्लक्स लावून त्याला कल्हई करायची. कल्हई नीट धरली नाही तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग मधे दांडा उभा करून रॉड आणि दांडा दोन्ही तापवायचे आणि धातू एका दमात ओतायचा. मधेच हात थांबला तर जोड राहतो. पावसाळ्यात जास्त जपावं लागतं, कारण साच्यात ओल असली तर धातू उसळून अंगावर येतो. गार झाल्यावर बोअर मारायचा, क्रँकवर निळा रंग फासून रॉड बसवायचा, फिरवायचा, काढायचा आणि जिथे निळं उठलंय तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा बसवायचा, पुन्हा खरवडायचं. शेवटी शिम घालून-काढून एक-दीड थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट ठेवायची. ज्याला हे जमतं त्याला मी कारागीरच म्हणेन, मेकॅनिक हा शब्द त्याला अपुरा पडतो.

लाकडाचा प्रश्न अवघड. बॉडीचा मूळ सांगाडा परदेशी कठीण लाकडाचा, आणि आपल्या हवेत तो आधी सांध्यात कुजतो. इथले सुतार सागवान घालतात. शुद्धतावाद्यांना ते रुचत नाही. मला चालतं, जुने सांधे तसेच ठेवले आणि स्क्रू जपून पुन्हा वापरले तर.

याच पट्ट्यातल्या कल्याणशी कॅनडाचं नातं युद्धकाळातलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या फोर्डने आणि ओशावाच्या जनरल मोटर्सने एकाच लष्करी नमुन्याचे चार लाखांहून अधिक ट्रक बनवले. बुटकं नाक, पुढे झुकलेली काच, ड्रायव्हरच्या शेजारी घुसलेलं इंजिन. भारतीय फौजेत ते मोठ्या संख्येने होते. फोर्डच्या अशाच चॅसीवर आपल्याकडे चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या. पत्रा टाटांचा, बांधणी रेल्वेच्या वर्कशॉपची, म्हणून फौजेत त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. त्या काळी कल्याणजवळ फौजेची प्रचंड संक्रमण छावणी आणि नेवाळीला धावपट्टी होती. फाळणीनंतर छावणीच्या बराकीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. युद्ध संपल्यावर फौजेची वाहनं डिस्पोजलमध्ये निघाली. लाकडी केबिन चढवून ती पुढे मालाचे ट्रक म्हणून राबली.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं की देशात गाडी खरोखर बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. वालचंद हिराचंदांची प्रीमियर राहिली. तिने कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, त्यांत डॉज किंग्जवे होती. अंग प्लिमथचं आणि नाक डॉजचं, अशी ही जोडगाडी कॅनडाच्या बाजारातही चाले. याच प्रीमियरचा कल्याण-डोंबिवलीचा कारखाना नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनवत होता.

मालकांची खरी अडचण आता कागदांची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. पेट्रोल महागलं तेव्हा कितीतरी शेवरोले आणि डॉजमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, मूळ इंजिनं भंगारात गेली. त्या पिढीला दोष देता येत नाही, गाडी चालवून पोट भरायचं होतं. पण आज अशी गाडी उभी करायची तर आधी इंजिन शोधावं लागतं.

इथे तो लष्करी ट्रक कामाला येतो. ओशावाच्या ट्रकमध्ये असलेलं २१६ इंजिन म्हणजे १९३७ नंतरच्या शेवरोले मोटारींचंच इंजिन. भंगारवाल्याकडे बुटक्या नाकाच्या ट्रकचा सांगाडा आढळला तर आधी ब्लॉकवरचा नंबर पुसून पाहावा, क्रँक मोकळा फिरतो का ते बघावं आणि इंजिन सिलिंडर हेडसकट उचलावं. आरसी बुकात इंजिन बदलाची रीतसर नोंद करावी आणि गाडीचा जुना नंबर कुठे कोरलेला असेल तर तो घासू देऊ नये.