डोळ्यातला कोन

शाळा संपली, कंपासपेटी हरवली की कोनमापकाशी आपला संबंध सुटतो. शब्द मात्र सुटत नाही. जुन्या घराच्या भिंतीत कोनाडा असतो, इमारतीची कोनशिला बसवली जाते आणि मतभेद झाला की आपण ‘दृष्टिकोन वेगळा’ म्हणून विषय मिटवतो. भूमितीतला अर्थ साधा आहे. दोन रेषा एका बिंदूत भेटल्या की त्यांच्यात जी फाक राहते, तो कोन.

रुग्णालयात आम्ही दिवसभर कोनच सांभाळत असतो. स्नायूत द्यायचे इंजेक्शन काटकोनात द्यायचे. बीसीजीची लस कातडीच्या थरातच राहायला हवी, म्हणून ती सुई १० ते १५ अंशांत, जवळजवळ आडवी धरायची. नळीने अन्न देतो त्या रुग्णाची खाट डोक्याकडून ३० ते ४५ अंश उचलायची, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. छातीच्या एक्स-रेमध्ये बरगड्या आणि श्वासपटल यांच्यातला कोन टोकदार दिसायला हवा. तो बोथट दिसला, तर फुप्फुसाभोवती पाणी साचल्याची शंका येते आणि आपल्याकडे क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो.

पण मला सगळ्यात महाग पडलेला कोन डोळ्यातला आहे.

मी नोकरीत नवीन होतो. रात्रपाळीला एक मुलगा साठीच्या आईला घेऊन आला. “डॉक्टर, दुपारपासून उलट्या होतायत, डोकं फुटतंय म्हणते. पित्त झालंय बहुतेक.” मीही पित्तच धरून चाललो. उलटी थांबवण्याचे इंजेक्शन दिले, सलाइन लावले. पहाटे वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, “सर, मावशींचा एक डोळा लाल झालाय. बल्बभोवती रंगीत कडी दिसतात म्हणतात.” नेत्रतज्ज्ञांना बोलावले. डोळ्यातला दाब एरवी साधारण १० ते २१ असतो, तो ५८ भरला. औषधांनी दाब उतरला, पण त्या डोळ्याला पुढे फक्त हात हललेला कळायचा.

झाले होते असे. डोळ्याची पुढची पारदर्शक काच आणि तिच्यामागचा बुबुळाचा रंगीत पडदा जिथे भेटतात, तिथे एक बारीक कोन असतो. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव या कोनातल्या जाळीतून वाहून जातो. अंगणातल्या मोरीसारखेच हे. काहींचा कोन मुळातच अरुंद असतो. वयाबरोबर डोळ्यातले भिंग जाड होते, पडदा पुढे ढकलला जातो आणि एके दिवशी मोरी तुंबते. दाब काही तासांत चढतो आणि दृष्टीची नस चेपली जाते. हा काचबिंदूचा तातडीचा प्रकार. नुसत्या उलटी-डोकेदुखीमुळे तो पित्त किंवा अर्धशिशी वाटतो आणि मोलाचे तास निघून जातात.

चाळिशीपुढच्या स्त्रिया, दूरदृष्टीमुळे लहानपणापासून प्लस नंबरचा चष्मा असणारे आणि घरात काचबिंदू असलेले, यांना धोका जास्त. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा असा झटका येऊ शकतो. सर्दीच्या, पोटातल्या मुरड्याच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही अरुंद कोन बंद होऊ शकतो. चालू औषध मनाने बंद करू नका, पण नवे औषध घेताना डोळ्यांचा त्रास डॉक्टरांना जरूर सांगा.

अरुंद कोन आधी ओळखता येतो. त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘गोनिया’ म्हणजे कोन. नेत्रतज्ज्ञ डोळ्यावर खास भिंग टेकवून कोन किती उघडा आहे ते पाहतात. गरज असेल तर लेसरने पडद्याला बारीकसे छिद्र पाडतात. काही मिनिटांचे काम. त्या मावशींच्या दुसऱ्या डोळ्याला असेच छिद्र पाडले आणि तो डोळा वाचला.

कोन उघडा असला म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. काचबिंदूचा दुसरा प्रकार उघड्या कोनातही होतो. तो दुखत नाही, चोरपावलांनी नजर खातो. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल, तेव्हा डोळ्याचा दाब आणि नसही तपासून घ्या. गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली राखता येते.

आणि घरात कुणाचे डोके अचानक ठणकू लागले, उलट्या झाल्या, तर पित्ताची गोळी देण्याआधी डोळ्यांकडे पाहा. डोळा लाल असेल, नजर धूसर असेल, दिव्याभोवती कडी दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. मी पाहिली होती.