बुटांच्या दुकानातला बाण

आमच्याकडे दिवाळीत घरात माणसांपेक्षा कापूस जास्त. सीतादही झाली, पहिली वेचणी घरी आली, की माजघरापासून ओसरीपर्यंत पांढरे ढीग लागायचे. म्हणून ढाणकीच्या आमच्या घरी लवंगीला मुभा होती, भुईचक्राला होती, बाणाला नव्हती. "घरात कापूस भरून हाये. बाण वावरात नेऊन उडव," आबाजी म्हणायचे. मी नेत असे. रिकाम्या बाटलीत काडी खोचायची, वात पेटवायची आणि पळायचं. एका वर्षी काडी मोडून बाण उडवून पाहिला. तो जमिनीवरच पिसाळल्यासारखा फिरला आणि माझ्या पोटरीला चटका देऊन विझला. काडीमुळे हवेचा दाब बाणाच्या तोलबिंदूच्या मागे पडतो, म्हणून त्याचं तोंड पुढे राहतं, हे मला फार पुढे कळलं. त्या चटक्यापासून बाण मनातून गेला नाही.

मराठ्यांच्या फौजांतले बाण, १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांवर सुटलेले म्हैसूरचे लोखंडी नळीचे बाण, त्यांवरून विल्यम काँग्रिव्हने इंग्लंडात केलेले बाण, मग केरळातल्या थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं ती २१ नोव्हेंबर १९६३ची संध्याकाळ, ती जागा शोधणाऱ्यांतले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, घन इंधनाचे वसंत गोवारीकर. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला शोध होता तो सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन मोकळ्या रानात उडवल्या जाणाऱ्या बाणाचा, ज्याला कुणाला मारायचं नसतं आणि कुठे पोचायचंही नसतं. त्याचा माग काढता काढता मी एका बुटांच्या दुकानात पोचलो.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचं गाव आहे. भोवती मक्याची शेती, जवळून एल्कहॉर्न नदी. आमच्याकडे कापूस आणि पैनगंगा, एवढाच फरक मला जाणवला. तिथे ऑर्व्हिल कार्लाईल बुटांचं दुकान चालवायचा. त्याला नाद होता शोभेच्या दारूचा, त्याच्या भावाला, रॉबर्टला, छोट्या विमानांचा. भाऊ रॉकेटवर व्याख्यानं द्यायचा आणि त्याला लोकांपुढे उडवून दाखवायला काहीतरी हवं होतं. म्हणून १९५४च्या सुमारास ऑर्व्हिलने कागदाच्या नळीचा, बाल्सा लाकडाच्या पंखांचा एक बाण केला. नाव ठेवलं 'रॉक-ए-शूट'.

त्याला १९५८ साली मिळालेलं पेटंट मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. मथळा साधा आहे, 'खेळण्यातलं रॉकेट'. पण ज्याने बाण पोटरीवर घेतला आहे त्याने त्या आकृत्या पाहाव्यात. काडी गेली आहे, तिच्या जागी मागे पंख आहेत. दारूची कांडी वेगळी. ती जळली की काढून टाकायची, नवी घालायची, बाण तोच. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट कांडीच्या वरच्या टोकाला. मुख्य दारू संपल्यावर एक सावकाश जळणारा थर काही सेकंद नुसता धूर सोडतो. तेवढ्यात बाण आपल्या वेगानेच माथ्यापर्यंत चढतो. मग चिमूटभर दारू वरच्या दिशेने भडकते, नाकाडं ढकलते आणि छत्री बाहेर पडते. शेकडो वर्षं शोभेचा बाण वर गेला आणि पडला. या बूटविक्याने त्याला परत यायला शिकवलं. माझ्या लेखी हा शोध कुठल्याही मोठ्या रॉकेटच्या बरोबरीचा आहे.

हे बाहेर आलं एका पत्रामुळे. हॅरी स्टाइन हा व्हाइट सँड्सच्या लष्करी चाचणी-क्षेत्रावर काम करणारा तरुण. त्याने एका मासिकात रॉकेटच्या सुरक्षिततेवर लिहिलं होतं. घरात दारू कुटून नळकांड्यांत ठासणारी पोरं जखमी होतात, ही त्याची चिंता. ते वाचून कार्लाईलने १९५७च्या जानेवारीत त्याला पत्र लिहिलं आणि आपले बाण पाठवले. स्टाइनने ते उडवून पाहिले आणि त्याच वर्षी छंदवाल्यांची संघटना उभी केली. तीच पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री झाली. ऑक्टोबरात स्पुतनिक गेला आणि देशभरची पोरं आकाशाकडे बघू लागली.

भांडण होतं ते दारू कुणी बनवायची यावरून, आणि माझ्या मते या छंदाचा जीवही त्यातच आहे. काही जण म्हणत, स्वतः दारू न बनवता कसलं रॉकेट? स्टाइनची बाजू उलटी होती. दारूला हात लावायचा नाही, कारखान्यात दाबलेली कांडीच वापरायची. मग बाकी सगळं करायला पोर मोकळं. मी स्टाइनच्या बाजूचा आहे. पण एवढ्या कांड्या करणार कोण? शोभेच्या दारूच्या धंद्यातल्या कुटुंबातला व्हर्न एस्टीस पुढे आला. १९५९मध्ये त्याचं 'मेबल' नावाचं यंत्र सुरू झालं आणि ते साडेपाच सेकंदांना एक कांडी दाबू लागलं.

त्या कांड्यांवर सुट्टीचे मेळे उभे राहिले. मेळ्यातली शिस्त वाचताना मला सतत आमचंच शिवार दिसतं. कांडीवर 'ए८-३' असं काही छापलेलं असतं: अक्षर एकूण जोराचं, ८ हा सरासरी रेटा न्यूटनमध्ये, ३ म्हणजे छत्री उघडण्याआधीचे सेकंद. पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्या दुप्पट जोराचं. काडीपेटी नाही, बॅटरीच्या तारेने पेटवायचं. छोट्या बाणापासूनही १५ फूट लांब उभं राहायचं. सुरुवातीला सळईचा आधार, कारण वेग आल्याशिवाय पंखांना हवा धरता येत नाही. आजूबाजूला वाळलं गवत नको, वारा जोराचा नको. विजेच्या तारेत अडकलेला बाण सोडून द्यायचा. एक माणूस फक्त नाही म्हणायला नेमलेला असतो. त्याला बाण कच्चा वाटला तर तो उडत नाही.

हा छंद न्यायालयातही गेला. मोठ्या बाणांत काळी दारू नसते. अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखा बांधक असलेलं घन इंधन असतं. गोवारीकरांनी काम केलं ते याच जातीच्या इंधनावर. अमेरिकी सरकारच्या खात्याने ते स्फोटकांच्या यादीत टाकलं. दोन छंद-संघटना २०००मध्ये खटला लढायला उभ्या राहिल्या. प्रश्न एवढाच होता: हे जळतं की फुटतं? २००९च्या मार्चमध्ये निकाल छंदवाल्यांच्या बाजूने लागला. नऊ वर्षं माणसं जळण्याच्या वेगावर वाद घालत राहिली, आणि मला त्यात एकही दिवस वाया गेलेला दिसत नाही.

आपल्याकडे स्फोटक अधिनियम १८८४ सालचा, त्याखालचे चालू नियम २००८चे, आणि ते राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आमच्या विदर्भातच, नागपुरात. दारू बनवायला परवाना लागतो, आणि लागलाच पाहिजे. कापसाच्या घरात वाढलेला माणूस दुसरं काही म्हणणार नाही. पण शाळेच्या पोराला सहज विकत घेता येईल अशी दाबलेली, मोजलेली कांडी आमच्या बाजारात मला कधी दिसली नाही. ती मिळावी, शिक्षकाच्या हाती मिळावी, असं मला मनापासून वाटतं. वावराची कमी नाही. पऱ्हाटी उपटून नांगरट झाली की मार्चनंतर काळी ढेकळं नुसती पसरलेली असतात. पेट घ्यायला तिथे काही नसतं.

तोवर पाणी आहे. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या पाच-सहा पोरांना घेऊन सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, आमच्या वावरात गेलो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, बुचातून सायकलच्या पंपाने हवा, पुठ्ठ्याचे पंख. काडी नव्हती. बाटली सुटली ती बाभळीच्या वर गेली आणि पोरांच्या अंगावर पाण्याचा फवारा आला. पिशवी कापून छत्रीही केली होती, टोपणाखाली घडी घालून ठेवलेली. सात वेळा उडवलं. सातही वेळा बाटली माथ्यावर क्षणभर थांबली आणि तोंडावर खाली आली. छत्री घडीतच.

चौथीतली एक मुलगी ढेकळातून बाटली उपसून आणत होती. तिने टोपण काढलं, आतली घडी पाहिली आणि विचारलं, "काका, वरतं गेल्यावर हे उघडन कोन?"