शाप, उःशाप आणि सुपे

आपण ज्या वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतो त्याचे नावच मुळी एका शापग्रस्त प्रेमकथेतून आलेले आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ रचावयास घेतली. ती अपुरी राहिली आणि पुढे त्याच्या पुत्राने पूर्ण केली. तिच्या नायिकेचे नाव मराठीने आणि कन्नडने साऱ्या प्रकारालाच दिले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुप्याच्या मुलखात, जेथे मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानांवर पडतात, तेथे हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच अर्थाने चालतो. तेव्हा प्राचीन शाप, सूड घेणारी पिशाचे आणि मृत्यूपलीकडे उरणारे प्रेम यांवर आधारलेल्या कथांना केवळ बाजारी करमणूक समजून बाजूस सारणे मराठीच्या अध्यापकाला परवडणारे नाही. अशा कथेची चांगली-वाईट पारख कशी करावी, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या परंपरेत शाप म्हणजे नुसता संताप नव्हे. त्याला कारण असते, उच्चार असतो, मुदत असते आणि बहुधा उःशापही असतो. बाणाच्या कथेत विरहाने प्राण सोडताना पुंडरीक चंद्राला शाप देतो, की तूही जन्मोजन्मी अतृप्त प्रेमाचे दुःख भोगशील. चंद्र उलट शाप देतो, की माझ्या सुखदुःखाचा तूही वाटेकरी होशील. पुढे महाश्वेता आपल्यामागे लागलेल्या वैशंपायनाला पोपट होण्याचा शाप देते; परंतु तो पुनर्जन्म पावलेला पुंडरीकच असतो. ज्याच्यासाठी तिने तप आरंभिले, त्यालाच तिने शापिले. शाप देणाराही शापातून सुटत नाही, हे सत्य बाणाने प्रेमकथेच्या गाभ्यात ठेवले.

कालिदासाने तर शाप स्वतः घडविला. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही. तो ‘शाकुंतला’त येतो, आणि प्रियंवदेच्या विनवणीमुळे त्याला अंगठीच्या खुणेचा उःशापही मिळतो. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक संगीत रूपाने मराठी रंगभूमीवर आणले. शाप येथे शिक्षेपेक्षा विस्मरणाचे रूप घेतो आणि त्याचा शेवट ओळख पटण्यात होतो.

ही झाली ग्रंथांतील परंपरा. लोककथेतील पिशाचे वरवर पाहता निराळी दिसतात. पण त्यांच्या नावांकडे नीट पाहिले असता तोच न्याय तेथेही आढळतो. मुंज झाली, परंतु लग्नापूर्वी मरण आले, तो मुंजा. बाळंतपणात जीव गेला, ती हडळ. वासना मागे ठेवून किंवा वारसावाचून गेला, तो समंध. आयुष्य कोणत्या टप्प्यावर तुटले, त्यावरून पिशाचाला नाव मिळते. म्हणजे आपली भुते ही अपुऱ्या राहिलेल्या संसारांची यादीच होय. प्रेमकथा आणि भूतकथा आपल्याकडे इतक्या सहज एकत्र येतात त्याचे कारण हेच. 2024 सालच्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने कोकणातील मुंजाच्या लग्नाची वासना घेऊनच आपली कथा उभारली.

मराठी गद्यकथेने हा वारसा निरनिराळ्या रीतींनी वापरला. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) ही अद्भुताच्या आनंदासाठी लिहिलेली. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त (1966) दैवी वरच माणसाला शापासारखा जड होतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयाला व गूढाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. या वाटेने पुढे आलेल्या पुष्कळ सामान्य कथांत मात्र एक उणीव दिसते. त्यांत सूड उरतो आणि उःशाप गळून जातो. पिशाचाचा नाश केला की कथा संपली. त्याच्यावर अन्याय कोणी केला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची हडळ होते, पण तिच्या मरणाला जबाबदार असलेले घर निर्दोष राहते. अशी कथा भय देते. न्याय देत नाही. चांगल्या शापकथेची कसोटी येथेच आहे: तिच्यात पीडिताचे म्हणणे कोणी ऐकते काय?

आता सुप्याकडे वळू. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील जुने सुपे आज पाण्याखाली आहे. गणेशगुडीजवळ बांधलेले 101 मीटर उंचीचे धरण 1987 साली पुरे झाले. गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले आणि विस्थापितांपैकी पुष्कळ कुटुंबे रामनगरास वसली. शेजारच्या गोव्यात व तळकोकणात वेताळ, देवचार, राखणदार यांच्या कथा गावाच्या शिवेशी बांधलेल्या आहेत. त्यावरून अशा कथांचा स्वभाव कळतो. त्यांना विहीर, उतार, पिंपळ यांचा पत्ता लागतो. गाव उठले की माणसे सामान बरोबर नेतात, मूर्तीही हलवितात. पण मुंजाचा पिंपळ नेता येत नाही. पत्ता गेला की कथाही दोन पिढ्यांत विरते.

पाणी चढत असताना शाळेत असलेली मुले आज पन्नाशीच्या घरात किंवा तिच्या पलीकडे आहेत. तेव्हा त्या भागातील अध्यापकांनी वडीलधाऱ्यांकडून अशा कथा, त्यांच्याच बोलीत, टिपून घ्याव्यात. प्रत्येक कथेस तीन प्रश्न विचारावेत: अन्याय कोणावर झाला, जागा कोणती, आणि सुटका कशाने होते? भुतांवर विश्वास ठेवण्याची यात मुळीच गरज नाही. उलट भोंदूगिरीपासून कथा वेगळी काढण्यास हे प्रश्न उपयोगी पडतील, कारण भोंदूला फक्त भय हवे असते.

गुणाढ्याच्या बृहत्कथेची जी हकीकत ‘कथासरित्सागरा’त आहे ती प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाशी जोडलेली आहे. तीत शापित पुष्पदंत काणभूती नामक पिशाचाला कथा सांगून मुक्त होतो. काणभूती ती गुणाढ्याला सांगून सुटतो. आणि गुणाढ्याची सुटका ती कथा जगात पसरविल्यावर होते. तिघांचाही उःशाप एकच आहे, तो म्हणजे कथन. सुप्याच्या कथांनाही कोणी ऐकणारा भेटेल, तर तो त्यांच्या शाळांतूनच भेटेल.