पानओवा : अंगणातील सुगंध आणि नावांचा घोळ

पुणे–नगर महामार्गावरील सणसवाडी हे गाव आता कारखान्यांमुळे ओळखले जाते. उत्तर भारत, कर्नाटक आणि मराठवाड्यातून आलेली कामगार कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या दारी, तेलाच्या रिकाम्या डब्यांत, तुळशीशेजारी एक वनस्पती अधूनमधून दृष्टीस पडते. पाने जाड, लवदार, कडा कातरलेल्या. पान चुरडताच ओव्याचा तीव्र गंध. हाच पानओवा अर्थात पर्णयवानी (कोलियस अँबोइनिकस, जुने नाव कोलियस ॲरोमॅटिकस).

ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, तर पानओवा तुळशीच्या. तरीही थायमॉल व कार्व्हाक्रॉल ही सुगंधी द्रव्ये दोहोंत असल्याने गंध सारखा येतो. गुणांनी पानओवा कटु, तीक्ष्ण, उष्ण, दीपन-पाचन व कफवातशामक आहे. अग्निमांद्य, आध्मान व कफज कास यांत त्याचा घरगुती उपयोग सर्वपरिचित आहे.

एक चूक

काही वर्षांपूर्वी मूत्राश्मरीच्या एका रुग्णाला मी चिठ्ठीवर ‘पाथरचूर’ एवढेच लिहून दिले. मला पाषाणभेद अभिप्रेत होता. रुग्णाने रोपवाटिकेत तेच नाव सांगून पानओव्याचे रोप आणले आणि तीन आठवडे रोज सकाळी पानांचा रस घेतला. तो परत आला तेव्हा उरोदाह होताच. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत अडकलेला खडा व वृक्काला आलेली सूजही दिसली. त्याला तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागले. रोपवाटिकेने मागितले तेच दिले होते. दोष माझ्या चिठ्ठीचा होता.

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार पाषाणभेद म्हणजे बर्जेनिया सिलिएटा या हिमालयीन वनस्पतीचे भूमिगत खोड. व्यवहारात मात्र त्याच्या जवळपासच्या नावांखाली निरनिराळ्या वनस्पती येतात. उत्तरेकडील रुग्ण ज्याला ‘पत्थरचट्टा’ म्हणतो ती आपली पानफुटी. तिच्या पानाला ओव्याचा गंध नसतो आणि पानाच्या कडेला रोपे फुटतात. तिच्यात हृदयावर कार्य करणारी द्रव्ये असल्याने डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात ती टाळावी. ‘पत्थरचूर’ हे नाव मैनमुळालाही आहे. त्यातील फोर्स्कोलिन रक्तदाब उतरवते. दक्षिणेत कपूरमाधुरीही पाषाणभेद म्हणून वापरात आहे. नाव एकच उच्चारले तरी हाती येणारे द्रव्य वेगळे असू शकते.

लागवड

पानओव्याला आपल्याकडे फुले क्वचित येतात. म्हणून लागवड छाटकलमाने करावी. वीतभर लांबीची निबर फांदी घेऊन खालची पाने काढावीत. माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, चैत्र-वैशाखात दुपारची सावली द्यावी आणि शेंडे खुडत राहावेत.

स्वयंपाकात

भज्यांसाठी पाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत. बेसनात थोडे तांदळाचे पीठ, हळद, तिखट व मीठ घालून सरसरीत भिजवावे आणि अख्खे पान बुडवून मध्यम आचेवर तळावे. पिठात वेगळा ओवा घालू नये.

कर्नाटकातील भगिनी या पानाला ‘दोड्डपत्रे’ म्हणतात व त्याची तंबुळी करतात. चौघांसाठी ८–१० पाने, अर्धा चमचा जिरे व ४–५ मिरी तुपात परतून, दोन मोठे चमचे ओल्या खोबऱ्यासह वाटावीत. हे वाटण दोन वाट्या ताकात कालवून मीठ घालावे. नंतर उकळू नये. जड जेवणानंतर भाताबरोबर ती उत्तम. पित्तप्रकृतीच्या व अम्लपित्ताच्या रुग्णांनी मात्र प्रमाण अल्प ठेवावे.

विनंती

वैद्यांनी चिठ्ठीवर लोकनामाबरोबर शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग लिहावे. औषधी दुकानदारांनीही बरणीच्या पट्टीवर या दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात. कोणी ‘पाथरचूर’ मागितल्यास ‘कशासाठी व कोणी सांगितले?’ एवढे अवश्य विचारावे. पानओवा दारात लावावा, भज्यांत व ताकात खावा. अश्मरीच्या रुग्णाला मात्र तो पाषाणभेद म्हणून देऊ नये.