काळोखातील पंगत

गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणे चिखली-भोसरीच्या उद्योगपट्ट्याला नवे नाही. दिवे जाताच मेणबत्तीची शोधाशोध सुरू होते. मात्र मुद्दाम काळोख करून जेवण वाढणारी उपाहारगृहेही जगात आहेत. तेथे वाढपी अंध असतात आणि चाचपडण्याची पाळी डोळसांवर येते.

या कल्पनेचे मूळ जर्मनीत आहे. आंद्रेआस हाइनेके यांनी १९८८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे 'डायलॉग इन द डार्क' हा उपक्रम सुरू केला. १९९९ मध्ये झुरिकला 'ब्लिंडेकू' हे उपाहारगृह उघडले. या जर्मन शब्दाचा अर्थ आपली 'आंधळी कोशिंबीर'! पॅरिसमध्ये २००४ साली, तर हैदराबादच्या इनऑर्बिट मॉलमध्ये २०११ साली असा प्रयोग झाला.

पदार्थ उजेडातच निवडले जातात. मोबाईल आणि चमकणारी घड्याळे बाहेर ठेवावी लागतात. मग वाढप्याच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांची रांग आत जाते. अंधाराला डोळे सरावतील, ही आशा व्यर्थ ठरते. कारण त्यासाठी थोडा तरी प्रकाश लागतो. ताटातील जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगितल्या जातात : तीनला भाजी, सहाला भात. डावी-उजवी बाजू ठरलेल्या मराठी पानाला ही शिस्त परकी नाही.

रंग दिसेनासा झाला, की चवीचा अंदाजही चुकतो. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला, तेव्हा ५४ परीक्षकांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या उपक्रमांवर आक्षेपही आहेत. तासाभराच्या काळोखात अनुभवाला येतो तो नवख्याचा गोंधळ. वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेले अंधांचे कौशल्य नव्हे. डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या अशा अनुभवानंतर लोक अंधांना कामासाठी कमी सक्षम मानू लागतात, असे अमेरिकी अभ्यासात आढळले आहे. या पंगतीत मात्र सराईत वाढपी समोरच असतो आणि पाहुणा त्याच्यावर विसंबून असतो. फरक पडतो तो येथेच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखल्या आहेत. खासगी कारखान्यांना मात्र तशी सक्ती नाही. तेथे निर्णय मालकाच्या नजरेवरच अवलंबून राहतो. काळोखातील पंगतीतून उठताना तीच नजर थोडी बदलली, तर जेवणाचे दाम वसूल झाले म्हणायचे.