पट्ट्याचा डायपर : निवड कोणासाठी आणि कशी

रुग्णास घरी सोडताना नातेवाइकांच्या हाती जी यादी दिली जाते, तीत औषधे, पथ्य आणि पुढील तपासणीची तारीख यांच्या खाली पुष्कळदा एक ओळ असते : ‘प्रौढांचे डायपर’. औषध किती वाजता द्यावयाचे हे यादीत लिहिलेले असते. डायपर कोणत्या प्रकारचा, किती मापाचा, तो कोणी आणि कसा बांधावयाचा याविषयी मात्र एक शब्दही नसतो. मग घरातील कोणीतरी औषधांच्या दुकानात जाऊन दुकानदार जो पुडा समोर ठेवील तो घेऊन येतो, आणि आठवडाभरातच ‘काही उपयोग नाही, सगळे बाहेरच येते’ ही तक्रार सुरू होते. वस्तू वाईट नसते. ती त्या रुग्णाची नसते, इतकेच.

प्रौढांसाठीचे डायपर स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला चिकटपट्टीचा, तो रुग्णास आडवे निजवून, कुशीवर वळवून बांधावा लागतो. दुसरा चड्डीसारखा पायांतून वर चढवावयाचा. तिसरा पट्ट्याचा. पहिले दोन सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा आपल्याकडील दुकानांत क्वचितच मांडून ठेवलेला आढळतो आणि बहुतेक नातेवाइकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. वास्तविक आधार धरून उभ्या राहू शकणाऱ्या, पण स्वतःचे स्वतः सर्व करू न शकणाऱ्या रुग्णांसाठी तोच अधिक सोयीचा ठरतो, असा आमच्या परिचर्या विभागाचा अनुभव आहे. पक्षाघातातून सावरणारे, कंपवाताचे, मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले असे कितीतरी रुग्ण या वर्गात येतात. म्हणून या लेखात त्याविषयी थोड्या विस्ताराने लिहीत आहोत.

तत्पूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. लघवी मुळात का सुटते? खोकताना, शिंकताना चार थेंब जाणे निराळे. घाईची भावना होऊन स्वच्छतागृहापर्यंत पोहोचण्याआधीच सुटणे निराळे. वयस्क पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि भरलेल्या मडक्यासारखे ते वरून ठिबकत राहते. अशा रुग्णास नुसता डायपर बांधून ठेवणे धोक्याचे आहे, कारण आत तुंबलेली लघवी कालांतराने मूत्रपिंडांस इजा करू शकते. सोनोग्राफीत, लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे सहज कळते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, तीव्र मलावरोध, सूज उतरविण्यासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांची वेळ, झोपेची औषधे, ही कारणेही तपासून पाहावी लागतात. काही जणांचे मूत्राशय उत्तम असते, परंतु गुडघे साथ देत नाहीत, रात्री दिसत नाही, आणि पायजम्याची नाडी सुटता सुटत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक, खाटेजवळ कमोडची खुर्ची, रात्री मंद दिवा आणि दर दोन-तीन तासांनी आठवणीने नेऊन बसविणे, एवढ्यावर ज्यांचे भागते, त्यांना डायपरची गरज नाही.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. लघवी सुटते म्हणून पाणी तोडणे हा उपाय नव्हे. पाणी कमी झाले की लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह होतो, जंतुसंसर्ग व मलावरोध बळावतो आणि लघवी अधिकच सुटू लागते. संध्याकाळनंतरचा चहा कमी करावा. दिवसाचे पाणी करू नये. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास अर्थातच तेच पाळावे.

आता पट्ट्याच्या डायपरची रचना पाहू. त्याच्या पाठीमागील बाजूस कमरेभोवती येणारा रुंद, मऊ पट्टा जोडलेला असतो. प्रथम तो पट्टा बेंबीच्या किंचित खाली, कमरेभोवती घेऊन पुढे बंद करावयाचा. मागे लोंबणारा शोषक भाग मग दोन्ही पायांमधून पुढे घ्यावयाचा आणि त्याची वरची दोन टोके पट्ट्यावर दाबून बसवावयाची. जुन्या पिढीतील वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, ही रीत लंगोट नेसण्याचीच आहे : आधी कमरेची बंदी, मग पायांतून पुढे घेऊन खोचणे. आमच्या वॉर्डातील एका आजोबांनी हे एकदा पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टा स्वतः बांधू लागले. परिचारिकेकडे फक्त टोके बसविण्याचे काम उरले. ‘डायपर’ या शब्दाने संकोचणारा मनुष्य ‘लंगोट’ म्हटल्यावर मोकळा होतो, हेही आम्ही अनेकदा अनुभवले आहे.

या रचनेचा मोठा लाभ असा की, रुग्ण वॉकर किंवा खिडकीचे गज धरून मिनिट-दोन मिनिटे उभा राहू शकत असेल, तर त्यास निजवावे लागत नाही. चिकटपट्टीचा डायपर बदलण्यासाठी दिवसातून चार-पाच वेळा त्यास खाटेवर आणून आडवे करावे लागते, आणि हळूहळू तो खाटेवरच राहतो. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने महिनाभर खपून उभा केलेला रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा अंथरुणाला लागतो, त्याच्या कारणांत हे एक असते. ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. पट्ट्याच्या डायपरची पुढील टोके सोडून रुग्णास कमोडवर बसविता येते आणि तो कोरडा असल्यास पुन्हा तसाच लावता येतो. म्हणजे स्वच्छतागृहात जाण्याची सवय मोडत नाही. चड्डीचा प्रकारही चालत्या रुग्णासाठी चांगला, परंतु तो बदलताना पायजमा व पादत्राणे पूर्ण उतरवून एकेक पाय उचलावा लागतो. ज्याचा तोल जातो त्यास हे जड जाते. साडी वा गाऊन वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर पट्टा परकराच्या आतून, फारसे काही न उतरविता बांधता येतो.

बांधणाऱ्याचाही विचार व्हावा. घरी हे काम प्रायः पत्नी, सून किंवा मुलगी करते आणि तिचीही पन्नाशी-साठी उलटलेली असते. भारी देहाच्या रुग्णास दिवसातून पाच वेळा कुशीवर वळविणे कंबरेला झेपत नाही. उभ्याने बदलताना पुष्कळ कमी वाकावे लागते. शिवाय पट्ट्याच्या डायपरच्या बाजू उघड्या असल्याने नितंबांच्या कडांना हवा लागते. विदर्भ-मराठवाड्याचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि हा सर्वांसाठी नाही. पूर्णतः अंथरुणास खिळलेल्या, रात्रभर कुशीवर निजणाऱ्या वा वारंवार पातळ शौच होणाऱ्या रुग्णास चिकटपट्टीचाच प्रकार बरा, कारण उघड्या बाजूंतून गळती होण्याचा संभव अधिक. स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण पट्टा चाचपून सोडून टाकतात. त्यांना अंगाशी बसणारी चड्डी सोयीची पडते. पोटावर नुकतेच टाके पडले असतील, हर्निया असेल, किंवा पोटावर नळी वा शौचाची पिशवी असेल, तर पट्टा कोठे येईल हे आधी शल्यचिकित्सकांस विचारावे. ब्रिटनमध्ये मॅन्डी फेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विविध प्रकारांची तुलना केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत कोणताही एकच प्रकार सर्वांस योग्य ठरला नाही. स्त्री आणि पुरुष, दिवस आणि रात्र यांनुसार पसंती बदलली. म्हणून दिवसा पट्ट्याचा आणि रात्री चिकटपट्टीचा अशी विभागणी करण्यास काहीच हरकत नाही. बहुसंख्य घरांत तीच परवडते आणि तीच टिकते.

मापाविषयी सर्वाधिक चुका होतात. मोठे माप घेतले की अधिक शोषले जाईल, असा समज आहे. प्रत्यक्षात मांडीशी फट राहून तेथूनच गळती होते. शिंप्याची फीत घेऊन पट्ट्याच्या प्रकारासाठी कमरेचा घेर मोजावा. इतर दोन प्रकारांसाठी कंबर व नितंब दोन्ही मोजून त्यांतील मोठा आकडा धरावा. रुग्णाचे वजन घटल्यास पुन्हा मोजावे. बांधून झाल्यावर पट्टा व पोट यांमध्ये दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. बांधण्यापूर्वी शोषक भाग लांबीत दुमडून पन्हळीसारखा करावा, म्हणजे आतील उभ्या कडा वर येतात. त्या जांघेच्या घडीत नीट बसवाव्यात. पुरुष रुग्णाचे शिश्न खालच्या दिशेस वळलेले असावे. एवढे न पाहिल्याने पोटाकडून होणारी गळती आम्ही नित्य पाहतो.

पुड्यावर लिहिलेली शोषणक्षमताही जपून वाचावी. ती सामान्यतः प्रयोगशाळेत, डायपर द्रवात पूर्ण बुडवून मोजतात (आय.एस.ओ. ११९४८ ही त्याची प्रमाणित पद्धत). अंगावर बांधल्यावर, वजनाखाली दबून, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी मावते. घरच्या घरी याचा अंदाज काढता येतो. एक कोरडा डायपर स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवावा, मग भिजलेला पिशवीत घालून तोलावा; फरकाचे जितके ग्रॅम तितके मिलिलीटर असे ढोबळमानाने धरावे. प्रौढ माणसास एका वेळी साधारण २०० ते ४०० मिलिलीटर आणि दिवसभरात एक ते दोन लिटर लघवी होते. दोन दिवस असे तोलून लिहून ठेवले, तर दिवसास हलका आणि रात्रीस जाड अशी निवड आपोआप ठरते, आणि डॉक्टरांसही त्या नोंदीचा मोठा उपयोग होतो. लघवी धरून ठेवणारे ते आतील कण मूळचे शेतीसाठी शोधलेले आहेत : अमेरिकेच्या कृषी खात्यात १९६० च्या दशकात जमिनीतील ओल टिकविण्यासाठी जे संशोधन झाले, त्यातून अशा पदार्थांचा विकास झाला.

गळती थांबावी म्हणून काही जण एकावर एक दोन डायपर बांधतात. आतल्याची बाहेरील बाजू पाणी जाऊ न देणारी असते, त्यामुळे दुसऱ्यापर्यंत काही पोहोचतच नाही. उष्णता मात्र दुप्पट होते. जाड डायपर आहे म्हणून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवणे हेही तितकेच अयोग्य. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार झाला की हा आम्लधर्म नाहीसा होतो. त्यात शौच मिसळल्यास तेथील पाचकरसांचा जोर वाढून त्वचा सोलली जाते. अशा त्वचेवर शय्याव्रण फार लवकर होतात. शौच झाल्यास तत्काळ बदलावे. ओल दाखविणाऱ्या रेषेचा रंग पालटल्यावर फार वेळ थांबू नये. पुसताना पुढून मागे पुसावे, रगडू नये, टिपून कोरडे करावे. झिंक ऑक्साइडचे वा पेट्रोलियम जेलीचे मलम अगदी पातळ लावावे. थर जाड झाल्यास ते डायपरलाच चिकटून शोषण थांबविते. पावडरीचे गोळे होऊन जांघेत घासतात, म्हणून ती टाळलेली बरी.

खर्च दर पुड्यामागे न मोजता दर नगामागे आणि दिवसाच्या नगसंख्येवर मोजावा. पट्ट्याचा नग बहुधा महाग दिसतो. परंतु कमोडवर बसविण्याची सवय टिकून दिवसाचा एक नग वाचला, तर हिशेब बदलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये क्लिनिकल डायपरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हा थोडा दिलासा आहे. वापरलेल्या डायपरमधील शौच आधी शौचकूपात टाकून, डायपर गुंडाळून वेगळा द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असे गुंडाळणे बंधनकारक केले होते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने तो वर्तमानपत्रात बांधून वर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला. उघडा डायपर हाताने वेगळा करावा लागणारी ती व्यक्तीही कोणाची तरी आई असते.

रुग्णासमोर या विषयावर कसे बोलावे, याविषयी दोन शब्द. पाहुण्यांदेखत ‘बदलायचा आहे का’ असे विचारले की स्वाभिमानी मनुष्य नाही म्हणतो आणि ओल्यातच बसून राहतो. घरातील एखादा साधा संकेत ठरवावा. दार लावावे, अंगावर चादर असावी, आणि रुग्णाच्या हातून जेवढे होईल तेवढे त्यासच करू द्यावे, वेळ लागला तरी.

देणगीदारांस एक विनंती. डायपरचे पुडे आपण आपुलकीने पाठविता. परंतु ते बहुतांशी चिकटपट्टीचे आणि ‘लार्ज’ मापाचे असतात. आमच्या स्त्री-कक्षातील पुष्कळशा वृद्धांची कंबर २८ ते ३२ इंच भरते. यापुढे पुडे पाठविण्यापूर्वी परिचर्या विभागात विचारणा केल्यास त्या महिन्यात कोणते माप आणि कोणता प्रकार हवा हे सांगता येईल. लहान व मध्यम मापाचे पट्ट्याचे नग मिळाल्यास घरी जाणाऱ्या रुग्णास आम्ही दोन-तीन नग नमुन्यादाखल देऊ, एक दिवस व एक रात्र वापरून पाहण्यास सांगू, आणि नातेवाइकांस ते बांधण्याची रीत खाटेजवळ दाखवू. पूर्ण पुडा त्यानंतर विकत घ्यावा.