सराउंड ध्वनी आणि मूळनिष्ठेचा प्रश्न : ‘द डार्क साइड ऑफ द मून’

गाजलेल्या रॉक अल्बमची सराउंड आवृत्ती म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची अधिक सुस्पष्ट प्रत, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या अल्बमबाबत हे गृहीतक टिकत नाही. ध्वनिमुद्रण अभियंता अ‍ॅलन पार्सन्स यांनी त्याच वर्षी त्याचे चार वाहिन्यांचे क्वाड्रोफोनिक मिश्रण केले होते. ‘टाइम’मधील घड्याळांचे टोल तर त्यांनी क्वाड्रोफोनिक प्रात्यक्षिकासाठीच एकेक करून मुद्रित केले होते, स्टिरिओच्या दोन वाहिन्यांत ते दाटीने बसवावे लागले, एवढेच. मात्र एसक्यू पद्धतीच्या तबकडीत चार वाहिन्या दोहोंत मिसळल्या जात आणि पुन्हा विलग करताना त्यांच्यातील अंतर पुसट होई. परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या स्पर्धेत हे तंत्रच मागे पडले.

२००३ मध्ये जेम्स गथ्री यांनी एसएसीडीसाठी ५.१ मिश्रण नव्याने केले. ते मूळ स्टिरिओशी गरजेपेक्षा अधिक एकनिष्ठ राहिले, असा पार्सन्स यांचा आक्षेप होता. आक्षेप एका पक्षाचा आहे, हे खरे. तथापि येथे ‘मूळ’ कोणते, हाच वाद आहे. गथ्री यांनी श्रोत्यांच्या स्मरणातील स्टिरिओ प्रमाण मानला, तर पार्सन्स यांच्या लेखी घड्याळे आरंभापासूनच श्रोत्याच्या चहूबाजूंस होती. २०११ च्या ‘इमर्शन’ संचात ही दोन्ही मिश्रणे एकत्र उपलब्ध झाली.